लाल दिवा लागण्याआधी

जुलैतली रात्र, पावणेअकराची वेळ. फोन वाजतो. "दादा, नेट गेलंय. डब्यावर लाल दिवा लागलाय." तो ठेवतो न ठेवतो तोच दुसरा, मग तिसरा. पाचव्या फोननंतर आपण रेनकोट चढवतो, पॉवर मीटर आणि टॉर्च पिशवीत टाकतो, गाडीला किक मारतो. जायचं कुठे हे मात्र अजून ठरलेलं नसतं. मग पहिला खांब, दुसरा खांब, जॉइंट बॉक्स उघड, बंद कर, पुढे चल. पहाटे कधीतरी बिघाड सापडतो तो ओएलटीच्या खोलीपासून अर्ध्या किलोमीटरवर, जिथून आपण सुरुवातीलाच पुढे निघून गेलेलो असतो.

कोकणात फायबरचं छोटं जाळं सांभाळताना अशा रात्री मी पुष्कळ काढल्या. त्यातून दोन गोष्टी मनात पक्क्या झाल्या. बिघाड ग्राहकाच्या आधी आपल्याला कळला पाहिजे. आणि कळल्यावर कुठे जायचं, ते घराबाहेर पडण्याआधी ठरलं पाहिजे. या दोन्हींसाठी लागणारी गोष्ट एकच आहे: जाळं धडधाकट असतानाची नोंद. नेहमीपेक्षा वेगळं काही घडतंय, एवढाच अलार्मचा निरोप असतो. नेहमीचं काय, हेच कुठे लिहिलेलं नसेल तर तो निरोप ताडून कशाशी बघणार?

केबलचा व्यवसाय करता करता इंटरनेटकडे वळलेले ऑपरेटर, त्यांचे लाईनमन आणि एखाद्या संस्थेचं किंवा मोठ्या सोसायटीचं फायबर सांभाळणारे तंत्रज्ञ डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. सगळं विवेचन जीपॉन पद्धतीचं आहे. २०११ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजनेच्या, म्हणजे आजच्या भारतनेटच्या, पहिल्या टप्प्यात ग्रामपंचायतींपर्यंत गेलेली यंत्रणाही याच पद्धतीची आहे. तुमच्याकडे ईपॉन असेल तर अलार्मची नावं आणि मर्यादांचे आकडे थोडे बदलतील, विचार करण्याची रीत तीच राहील.

मधली वाट मुकी असते

ओएलटीच्या एका पॉन पोर्टमधून एक कोअर निघते. गावाच्या तोंडाशी कपलरने तिचे चार फाटे होतात, प्रत्येक फाट्याचे वाडीत पुन्हा आठ होतात आणि ड्रॉप वायरने ३२ घरांत पोचतात. घराकडे जाणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, घराकडून येणारा १३१०चा. त्याच कोअरवर केबल टीव्ही देत असाल तर तो १५५०वर. वर येताना प्रत्येक घराला आपापली पाळी मिळते आणि पाळी आली की त्या घरातला ओएनयू क्षणभर बोलतो.

या रचनेचा मोठा गुण म्हणजे ओएलटी आणि घर यांच्या मधे विजेवर चालणारं काहीच नाही. अडचणही तीच. मधला कपलर, मधला जॉइंट, मधली केबल यांतलं कोणीच अलार्म देऊ शकत नाही. बोलतात ती फक्त दोन टोकं. मधे काय झालं हे या दोन टोकांच्या बोलण्यावरून आपणच ओळखायचं असतं. म्हणून कोणतं घर कोणत्या कपलरच्या कोणत्या पायावर आहे, याचा कागद हवाच. तो फक्त जुन्या लाईनमनच्या डोक्यात असेल, तर तो गावी गेल्या दिवशी तुमचं जाळं आंधळं होतं.

आधी हिशोब, मग अलार्म

प्रकाशाची लेव्हल डीबीएममध्ये मोजतात. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. ३ डीबी उतरले की प्रकाश निम्मा होतो आणि १० डीबी उतरले की दहावा हिस्सा उरतो. जीपॉनमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या बी प्लस वर्गाच्या एसएफपीला एकूण २८ डीबीपर्यंतचं नुकसान झेपतं. घरातल्या ओएनयूला उणे २७ डीबीएमपर्यंत वाचता येतं. उणे २७ म्हणजे मिलिवॉटचा जेमतेम पाचशेवा भाग. त्याखाली जोडणीची खात्री नाही. उलट, उणे ८पेक्षा झगझगीत प्रकाशही चालत नाही. त्याने ओएनयूचे डोळे दिपतात आणि चुका सुरू होतात. सी प्लस वर्गाची एसएफपी असेल तर मर्यादा आणखी खाली जाते, पण ती सूट अडीअडचणीसाठी राखून ठेवावी. रोजच्या लेव्हलच तिच्या जोरावर खाली जाऊ देऊ नयेत.

एका घराचा हिशोब मांडून बघू. ओएलटीच्या तोंडाशी अधिक ४ डीबीएम मिळतात. फायबर ६ किलोमीटर, १४९०ला किलोमीटरमागे पाव डीबी धरला तर १.५. चारचा कपलर साधारण ७.२ खातो, आठचा १०.५. आठ स्प्लायस, प्रत्येकी ०.१ धरून ०.८. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.४ धरून १.६. बेरीज २१.६. म्हणजे घरात उणे १७.६च्या आसपास लेव्हल मिळायला हवी.

आता जोडणीच्या दिवशी पॉवर मीटरवर उणे १८ दिसले तर काम चोख झालं. उणे २२ दिसले तर? नेट चालेल, ग्राहक खूश होईल, लाईनमन पुढच्या घरी जाईल. पण कुठेतरी ४ डीबी गळत आहेत. वाकलेली वायर असेल, मळलेला कनेक्टर असेल, घाईत मारलेला स्प्लायस असेल. आज चालणारी ही जोडणी पहिल्या मोठ्या पावसात बंद पडेल. हिशोबातला आकडा आणि मिळालेला आकडा यांत २ डीबीपेक्षा जास्त फरक असेल तर त्या घरातून पाय काढू नका.

मिळालेला आकडा दोन ठिकाणी लिहा. एक, ओएनयूच्या पाठीवर चिकटपट्टी लावून: तारीख, लेव्हल, कपलरचा नंबर, पाय नंबर. दोन, तुमच्या वहीत किंवा संगणकावर. त्याच वेळी ओएलटीत दिसणारे तीन आकडेही टिपा: ओएनयूने स्वतः सांगितलेली लेव्हल, ओएलटीला त्या घराकडून मिळणारी लेव्हल आणि ओएलटीने मोजलेलं अंतर. उपकरणाने सांगितलेली लेव्हल आणि मीटरवरची लेव्हल यांत एखाद-दोन डीबीचा फरक असतो. त्याची चिंता नको. उद्या तुलना त्याच उपकरणाच्या कालच्या आकड्याशी करायची आहे.

अलार्म लावण्यापूर्वीची मशागत

तीन कामं रुक्ष आहेत, पण ती टाळून लावलेले अलार्म कामाला येत नाहीत.

पहिलं घड्याळ. ओएलटी, स्विच, राउटर आणि नोंदी गोळा करणारा संगणक यांची घड्याळं एनटीपीने एकाच वेळेवर आणा. "दोन्ही घरं एकदम गेली की पाच मिनिटांच्या अंतराने?" या प्रश्नावर पुढचा सगळा शोध उभा असतो. घड्याळ चुकलं की उत्तरही चुकलं.

दुसरं नाव. ओएलटीत प्रत्येक पोर्टला आणि प्रत्येक ओएनयूला नाव द्या: वाडी, कपलर, पाय, ग्राहक क्रमांक. रात्री मोबाईलवर नुसता पोर्ट नंबर आणि सोळा अक्षरी सिरीयल नंबर आला तर अर्ध्या झोपेत त्याचा अर्थ लागत नाही. "खालची वाडी, कपलर ३, पाय ५" असं आलं की गाडी कुठे वळवायची ते कळतं.

तिसरं निरोपाची वाट. ओएलटी आपल्या नोंदी सिसलॉगने पाठवतो आणि अलार्म एसएनएमपी ट्रॅपने. ट्रॅप वाटेत हरवला तर तो पुन्हा येत नाही. त्यामुळे ट्रॅपवर विसंबून राहू नका. दर पाच मिनिटांनी ओएलटीला विचारून लेव्हल आणि स्थिती टिपून घेणारी व्यवस्थाही ठेवा. झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर हे काम फुकटात करतात, त्यांना एक साधा संगणक पुरतो. एसएनएमपीचा कारखान्यातून आलेला "पब्लिक" हा शब्द मात्र पहिल्या दिवशीच बदला आणि ओएलटीशी बोलण्याची परवानगी त्या एकाच संगणकाला द्या.

कोणता अलार्म वाजावा, कोणता नुसता लिहिला जावा

नवीन ओएलटी बसवला की उत्साहाने सगळे अलार्म चालू केले जातात. पहिल्या आठवड्यात मोबाईल दिवसाला शेकड्यांनी वाजतो, दुसऱ्या आठवड्यात आवाज बंद केला जातो आणि तिसऱ्या आठवड्यात खरी केबल तुटते तेव्हा कोणाचं लक्षच नसतं. म्हणून प्रत्येक अलार्मला एकच प्रश्न विचारा: हा वाजल्यावर कोणी उठून काही करायचं आहे का? उत्तर "नाही" असेल तर तो वहीत जाऊ दे, फोनवर नको.

आमच्याकडे चार पायऱ्या आहेत.

रात्रीही उठवणारे. ओएलटीशी संपर्क तुटणं, वरून येणारी मुख्य लाईन जाणं, आख्ख्या पॉन पोर्टचा प्रकाश जाणं, ओएलटीच्या खोलीतली बॅटरी शेवटाला येणं. ४८ व्होल्टच्या संचात वीज असताना साधारण ५४ व्होल्ट दिसतात आणि ४३च्या आसपास बॅटरी तोडावी लागते, नाहीतर ती कायमची मरते. आम्ही ४७ला ताकीद आणि ४५ला उठवणारी घंटा लावली आहे, म्हणजे जनरेटर घेऊन पोचायला वेळ मिळतो.

तासाभरात बघायचे. एकाच कपलरवरची तीन किंवा अधिक घरं एकदम जाणं, ओएलटीच्या खोलीतली वीज जाणं, पंखा बंद पडणं, तापमान चढणं. बॅंक, दवाखाना, शाळा अशा ठिकाणचा एकच ओएनयू गेला तरी तो याच पायरीवर.

दिवसाउजेडी करायचे. एकट्या घराचा प्रकाश जाणं. घराची लेव्हल तिच्या स्वतःच्या नोंदीपेक्षा ३ डीबीने उतरणं. लेव्हल उणे २५च्या खाली जाणं. एका तासात पाचपेक्षा जास्त वेळा जोडणी तुटून जुळणं. एसएफपीच्या लेझरचा करंट हळूहळू चढत जाणं, कारण लेझर म्हातारा होत चालल्याची ती खूण असते.

फक्त लिहून ठेवायचे. यांत सर्वांत मोठा गठ्ठा डाइंग गॅस्पचा. घरातली वीज गेली की ओएनयू शेवटच्या क्षणी "माझी वीज गेली" एवढं कळवून गप्प होतो. महावितरणने वाडीची लाईन बंद केली की पन्नास घरांचे असे निरोप एका सेकंदात येतात. त्यासाठी कोणी उठायचं नाही. पण हा निरोप लिहिलेला मात्र हवाच, कारण ज्याच्याकडून तो आला ते घर केबल तुटल्याच्या यादीतून बाहेर काढता येतं.

तिसऱ्या पायरीवरचा ३ डीबीचा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. उणे १८ची लेव्हल उणे २१.५ झाली तर ग्राहकाला काहीच जाणवत नाही, तक्रार येत नाही, कंपनीने घालून दिलेली कोणतीही मर्यादा ओलांडलेली नसते. पण निम्म्याहून जास्त प्रकाश कुठेतरी सांडतो आहे. सगळ्या घरांना एकच मर्यादा लावली तर हे घर कधीच दिसणार नाही. ज्याची त्याची स्वतःची नोंद असेल तरच दिसेल, आणि लाल दिवा लागण्याआधी चार-आठ दिवस दिसेल.

आणखी तीन बंदोबस्त करा. पहिला म्हणजे थोडी वाट बघणं: ओएनयू गेल्यावर लगेच घंटा वाजवू नका, दोन मिनिटं थांबा, कारण पुष्कळ वेळा ग्राहकाने डबा बंद करून चालू केलेला असतो. दुसरा म्हणजे मोठ्याने बोलल्यावर लहानांनी गप्प बसणं: पोर्टचाच प्रकाश गेला असेल तर त्याखालच्या ३२ घरांचे ३२ अलार्म दाबून एकच निरोप यावा. झॅबिक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे परस्परावलंबन लावता येतं. तिसरा म्हणजे अलार्म मिटल्याचाही निरोप येणं. नाहीतर वीज केव्हाच परत आलेली असते आणि माणूस मात्र भर पावसात निघालेला असतो.

शांतता म्हणजे सगळं आलबेल, असं समजू नका. नोंदी गोळा करणारा संगणक ओएलटीच्याच खोलीत, त्याच बॅटरीवर, त्याच इंटरनेटवर असेल तर सगळं एकदम बंद पडल्यावर निरोप पाठवणार कोण? म्हणून दुसऱ्या ठिकाणाहून, दुसऱ्या जोडणीवरून, दर काही मिनिटांनी "आहेस का?" असं विचारणारी एक व्यवस्था ठेवा. आणि महिन्यातून एकदा कार्यालयातल्या चाचणीच्या ओएनयूची पॅचकॉर्ड मुद्दाम काढा. ठरल्या वेळात ठरलेल्या माणसाचा फोन वाजला नाही, तर बिघाड अलार्ममध्ये आहे.

निघण्याआधीचे चार प्रश्न

अलार्म आला. गाडीची किल्ली हातात घेण्याआधी दहा मिनिटं ओएलटीच्या पडद्यासमोर बसा. हीच दहा मिनिटं पुढचे तीन तास वाचवतात.

*किती घरं गेली आणि ती कशात एक आहेत?* आख्खं पोर्ट गेलं तर ओएलटीपासून पहिल्या कपलरपर्यंतची मुख्य कोअर, पॅचकॉर्ड किंवा एसएफपी. आठच घरं गेली आणि ती एकाच कपलरची असतील तर तो कपलर किंवा त्याच्याकडे जाणारी कोअर. एकच घर गेलं तर ड्रॉप वायर, तिचे दोन कनेक्टर, किंवा तो ओएनयू. दोन वेगळ्या पोर्टांवरची घरं एकदम गेली तर त्या दोन कोअर ज्या केबलमधून एकत्र जातात ती केबल बघा. रस्त्याकडेला जेसीबी चालू आहे का याची चौकशी तिथेच करा.

*जाताना काय म्हणाली?* डाइंग गॅस्प असेल तर वीज. तसा निरोप न देता नुसता प्रकाश गेला असेल तर बहुधा काच. अर्थात एखाद्या स्वस्त किंवा जुन्या ओएनयूला शेवटचा निरोप देण्याइतकाही दम नसतो, म्हणून एकाच्या मौनावर भिस्त ठेवू नका, शेजारच्या चार घरांकडेही बघा.

*जाण्याआधी लेव्हल कशी होती?* आलेख सपाट असून एकदम तुटला तर केबल तुटली, उंदराने कुरतडली, ट्रकने ओढली. आलेख दोन आठवडे उतरत उतरत गेला तर जॉइंट बॉक्समध्ये पाणी, कनेक्टरवर मळ किंवा वायरवर वाढत चाललेला ताण.

*दोन्ही दिशांना सारखीच उतरली का?* हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. वाकलेल्या फायबरमधून जास्त लांबीची लहर जास्त गळते. म्हणजे १४९०ची, घराकडे जाणारी लेव्हल ५ डीबीने उतरली आणि १३१०ची, घराकडून येणारी, फक्त २ डीबीने, तर वायर कुठेतरी वाकली आहे. कनेक्टर मळला असेल तर दोन्ही दिशांचं नुकसान जवळपास सारखं असतं. खाली जाणारी लेव्हल ठणठणीत आणि फक्त वर येणारी उतरलेली असेल तर त्या ओएनयूचा लेझर संशयित. दोन्ही दिशांच्या जुन्या नोंदी असतील तरच हे कळतं.

एक बिघाड या चौकटीत बसत नाही. एका पोर्टवरची बरीच घरं कारण नसताना तुटतात-जुळतात, लेव्हल मात्र सगळ्यांची उत्तम. अशा वेळी एखादा बिघडलेला ओएनयू पाळी नसतानाही प्रकाश सोडत असतो आणि इतरांचं बोलणं त्यात बुडून जातं. ओएलटीवरून त्याला बंद करायची आज्ञा देऊन बघा, पण तो ती पाळेलच असं नाही. मग पहिल्या कपलरपाशी जाऊन चार फाट्यांतला एकेक काढा. जो काढल्यावर बाकीची घरं शांत होतात, त्या फाट्यावर पुढे जा आणि तिथे आठांतला एकेक काढा. जास्तीत जास्त बारा वेळा काढघाल केली की गुन्हेगार हातात येतो.

जागेवर गेल्यावर

आधी पुसा, मग मोजा, मग बदला. माझ्या अनुभवात "लेव्हल कमी" या तक्रारीवर सर्वांत जास्त वेळा लागू पडलेलं औषध म्हणजे कनेक्टर साफ करणं. कनेक्टरमधली काच केसाएवढी आणि प्रकाश जातो तो तिचा गाभा त्याहूनही किती तरी बारीक. बोटाचा नुसता तेलकट ठसा पुरेसा होतो. शर्टाच्या टोकाने पुसू नका, तोंडाने फुंकर घालू नका. क्लीनर पेन वापरा, नाहीतर धागे न सुटणारा कागद आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. हात धुण्याचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात चिकट पदार्थ असतात. दोन्ही बाजू पुसा, ॲडॅप्टरची आतली बाजूसुद्धा.

रंग बघा. हिरवा कनेक्टर तिरका घासलेला असतो, निळा सरळ. हिरवा निळ्यात बसतो, नेट चालतंही, पण मधे फट राहून लेव्हल पडते आणि प्रकाश उलटा फिरतो. घाईच्या रात्री पिशवीतली मिळेल ती पॅचकॉर्ड लावण्याचा मोह इथे महाग पडतो.

मोजताना एका टोकाकडून सरका. ड्रॉप वायरच्या घराकडच्या टोकाला लेव्हल कमी, कपलरच्या पायाशी बरोबर, म्हणजे दोष त्या वायरीत. कपलरच्या पायाशी कमी पण तोंडाशी बरोबर, म्हणजे दोष कपलरमध्ये. छोट्या ड्रॉपसाठी लाल लेझर पेन पुरतो. वायर जिथे मोडली असेल तिथे अंधारात ती लाल चमकते.

लांब केबलसाठी ओटीडीआर हवा. तो वापरताना तीन पथ्यं पाळा. चालू लाईनवर १३१० किंवा १५५० सोडू नका, बाकीच्यांचं बोलणं तुटेल. चालू लाईनसाठी १६२५ किंवा १६५०चं फिल्टरवालं यंत्र वेगळं मिळतं. शक्यतो घराकडून कपलरकडे मोजा, कारण ओएलटीकडून मोजलं तर कपलरपुढच्या सगळ्या फाट्यांचे आलेख एकमेकांवर चढतात. आणि ओटीडीआर फायबरची लांबी सांगतो, रस्त्याची सांगत नाही. खांबाखांबाला ठेवलेल्या गुंडाळ्या त्यात धरलेल्या असतात. तो १,८४० मीटर म्हणाला की गाडीच्या काट्यावर तेवढं मोजू नका. आलेखावर ओळखीचा जॉइंट शोधा आणि त्याच्यापुढे किती, ते मोजा.

जिवाची काळजी सगळ्यात आधी. चालू फायबरच्या तोंडात डोळा घालू नका. हा प्रकाश दिसत नाही, इजा मात्र करतो. काचेचे तुकडे खाली टाकू नका, झाकणाच्या डबीत गोळा करा. विजेच्या तारा असलेल्या ओल्या खांबावर, रात्री, एकट्याने कोणीही चढायचं नाही. एका वाडीचं नेट सकाळपर्यंत बंद राहिलं तर चालेल.

पोफळीला बांधलेली वायर

दापोलीकडच्या एका वाडीत एका घराचं नेट रोज दुपारी तीन ते पाच या वेळेत तुटायचं. मार्च महिना होता. तक्रार आली की लाईनमन सकाळी जायचा, लेव्हल उणे १९, सगळं उत्तम. ओएनयू बदलला. पुढच्या आठवड्यात पॅचकॉर्ड बदलली. तक्रार कायम. घरातल्या काकू शेवटी म्हणाल्या, "अरे, तू सकाळी येतोस, ते बिघडतं दुपारी. मग तुला दिसणार कसं?"

त्या संध्याकाळी मी पाच-पाच मिनिटांच्या नोंदींचा आलेख काढला. सकाळभर सपाट रेघ. अडीचनंतर ती थरथरायला लागायची, उणे १९वरून २२, २४, मधेच २७, पुन्हा १९. सहाच्या सुमारास पुन्हा सपाट. आणि घराकडून येणारी लेव्हल त्याच वेळी जेमतेम ३ डीबी हलत होती. म्हणजे वाक. दुपारीच पडणारा आणि संध्याकाळी सुटणारा वाक.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तिथे उभा राहिलो. समुद्रावरून वारा सुटला होता. कपलरपासून निघालेली ड्रॉप वायर बागेतून जाताना एका पोफळीला बाइंडिंगच्या तारेने आवळून बांधली होती. वारा आला की पोफळ हातभर झुकायची, वायर ताणली जायची आणि तारेच्या वेढ्यात तिचा काटकोन व्हायचा. झाड सरळ झालं की काटकोनही सुटायचा. तार कापली, वायरला क्लॅम्प लावून ती घराच्या भिंतीवरून फिरवली, मधे एक सैल वेटोळं ठेवलं. आलेखाची रेघ तेव्हापासून सपाट आहे.

त्या घरी तीन खेपा झाल्या, एक चांगला ओएनयू उगाच बदलला गेला, आणि उत्तर तीन आठवडे आमच्याच संगणकात पडून होतं. आम्ही ते वाचत नव्हतो.

काम संपलं असं कधी म्हणावं

नेट चालू झालं म्हणजे काम संपलं नाही. दुरुस्तीनंतर लेव्हल पुन्हा मोजा आणि जुन्या नोंदीशी ताडा. उणे १८ची जागा उणे २१ने घेतली असेल तर दुरुस्ती अर्धी आहे. नवीन स्प्लायस पडला असेल तर पाठीवरची चिकटपट्टी बदला. मग वहीत एक ओळ: तारीख, अलार्म किती वाजता, पोचलो किती वाजता, कारण, काय केलं, आधीची आणि नंतरची लेव्हल. वर्षभराने ही वही वाचा. कोणता जॉइंट बॉक्स दर पावसात पाणी धरतो, कोणत्या रस्त्यावर दर उन्हाळ्यात खोदकाम होतं, हे तिच्यात दिसेल. खोदणारा आणि जमिनीखालच्या वाहिनीचा मालक यांची आधीच गाठ पडावी म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये "कॉल बिफोर यू डिग" हे ॲप सुरू केलं. तुमची केबल जमिनीखालून जात असेल तर त्याची माहिती घ्या, आणि गावात रस्त्याचं काम घेतलेल्या ठेकेदाराचा नंबरही जवळ ठेवा.

अलार्म लावल्यावर आमच्या कामात पडलेला सर्वांत सुखाचा फरक फोनचा. आता पुष्कळदा आम्हीच आधी फोन करतो. "काकू, साडेनऊला खालच्या वाडीची केबल तुटली आहे, तुमच्या डब्याला हात लावू नका, बारापर्यंत चालू होईल." पलीकडचा आवाज चिडलेला नसतो. आपल्याकडे कोणाचं तरी लक्ष आहे, एवढं कळलं तरी माणूस दोन तास शांतपणे थांबतो.

हे सगळं एका दिवसात होणार नाही, आणि त्यासाठी थांबूनही राहू नका. उद्या कामाला निघाल तेव्हा ज्या घरी पहिल्यांदा पाय ठेवाल, तिथल्या ओएनयूच्या पाठीवर तारीख आणि लेव्हल लिहून चिकटवा. मग दुसऱ्या घरी. पावसाळ्याआधी एवढं एक काम पुरं झालं, तर जुलैत गाडीला किक मारताना जायचं कुठे ते तुम्हाला ठाऊक असेल.